तूप सीमेपार जाते तेव्हा

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने तलासरीच्या दिशेने जाताना दापचरी हे गाव लागते. आज हे नाव ओळखले जाते ते आंतरराज्य तपासणी नाक्यामुळे. परंतु मागील पिढीतील व्यापाऱ्यांना दापचरी म्हटले की दूध आठवते. मुंबईतील गोठे शहराबाहेर हलवावेत आणि महानगराला नियमित दूधपुरवठा व्हावा, या हेतूने राज्य शासनाने येथे मोठा दुग्ध प्रकल्प उभारला होता. मुंबईच्या आरे वसाहतीची ही पुढची पायरी मानली गेली. कालांतराने प्रकल्पाला उतरती कळा लागली, गोठे ओस पडू लागले आणि जमिनीच्या वापराचे प्रश्न मागे उरले.

दापचरीच्या दक्षिणेस, रेल्वेमार्गाला लागून बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांच्या या नगरीत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून व्यापार करीत आहेत. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील वाढवण येथे होऊ घातलेल्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमार बांधवांचा या बंदराला असलेला विरोध सर्वश्रुत आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. तथापि बंदराच्या वार्तेने व्यापारी घरांतील तरुणांच्या मनात निर्यातीचा विचार बळावला आहे, हेही तितकेच खरे. आखाती देशांत आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातलगांकडून तूप, श्रीखंड, पनीर, पेढे यांची मागणी येत असते. मग घरातील एखादा मुलगा विचारतो, ‘बाबा, आपणच का पाठवू नये?’

प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र गोठ्यापासून सुरू होते आणि बँकेच्या काउंटरवर संपते.

सागराएवढे दूध, ओंजळीएवढी निर्यात

दुग्धोत्पादनात भारत जगात अग्रस्थानी आहे. २०२३-२४ या वर्षात देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध उत्पादन झाले. जगातील एकूण दुधाचा जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या देशात निघतो. त्याच वर्षातील दुग्धजन्य पदार्थांची निर्यात मात्र सुमारे ६४ हजार टन, म्हणजे साधारण सव्वादोन हजार कोटी रुपयांची होती. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि अमेरिका ही तिची प्रमुख गंतव्यस्थाने.

या तफावतीचे पहिले कारण उघड आहे : आपले दूध आपणच पितो. दुसरे कारण व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडील दूध दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या लक्षावधी घरांतून येते. ते एका टाकीत मिसळले की कोणते दूध कोणत्या गोठ्यातील, हे सांगणे दुष्कर होते. आयात करणारा देश नेमके तेच विचारतो. १९९५ पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार प्रत्येक देशाला आपली माणसे, जनावरे व पिके यांच्या आरोग्यासाठी शास्त्रीय आधारावर अटी घालण्याचा अधिकार आहे. त्या अटी पूर्ण करणे ही विक्रेत्याची जबाबदारी ठरते.

अटी कठोर का झाल्या, याचे एक दुःखद उदाहरण २००८ मध्ये घडले. चीनमध्ये पाणी मिसळलेल्या दुधातील प्रथिनांचे प्रमाण चाचणीत योग्य दिसावे म्हणून त्यात मेलामाइन हे रसायन घालण्यात आले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. भारताने त्या वर्षी चिनी दूध व दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर बंदी घातली. भेसळ करणाऱ्यांनी काही पैसे वाचविले असतील. पण ‘तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो’ असे म्हणण्याची सोय त्यानंतर दुग्धव्यापारात उरली नाही.

परवानग्यांची पायरीपायरीने वाट

निर्यातीची पहिली पायरी म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडून मिळणारा आयात-निर्यात क्रमांक. आता पॅन क्रमांक हाच तो क्रमांक असतो आणि त्याची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते. ती न केल्यास क्रमांक निष्क्रिय होतो आणि हे अनेकदा माल बंदरावर पोहोचल्यावर लक्षात येते. दुसरी पायरी ‘अपेडा’ची नोंदणी. १९८५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या प्राधिकरणाच्या अनुसूचीत दुग्धजन्य पदार्थ समाविष्ट आहेत. तिसरी पायरी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना. २००६ च्या कायद्याखालील हा परवाना देशांतर्गत व्यापाऱ्यालाही परिचित असतो.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. १९६३ च्या निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) कायद्याखाली निर्यात तपासणी परिषद स्थापन झाली. मुंबईसह पाच ठिकाणी तिच्या तपासणी संस्था कार्यरत आहेत. दुग्धजन्य पदार्थांच्या निर्यातीसाठी २००० मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. त्यानुसार कारखान्याला या संस्थेची मान्यता घ्यावी लागते. अधिकाऱ्यांचे पथक प्रत्यक्ष येऊन इमारत, पाणी, यंत्रे, कामगारांची आरोग्यतपासणी, प्रयोगशाळा आणि नोंदवह्या पाहते. मान्यता मिळाल्यावरही वेळोवेळी पाहणी होत राहते. परदेशातील अधिकारी ज्या आरोग्य प्रमाणपत्राची मागणी करतात, ते याच यंत्रणेकडून मिळते.

व्यापारी कुटुंबांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निर्यात करण्यासाठी स्वतःचा कारखाना असलाच पाहिजे, असे नाही. मान्यताप्राप्त कारखान्यातून माल घेऊन व्यापारी निर्यातदार म्हणून तो पाठविता येतो. भांडवल मर्यादित असेल तर हा मार्ग अधिक शहाणपणाचा. मात्र तो कारखाना ज्या देशात माल पाठवायचा त्या देशासाठी मान्य आहे काय, हे सौदा करण्यापूर्वी पाहावे लागते. काही देश आपल्या यादीत नसलेल्या कारखान्याचा माल बंदरातून बाहेरच पडू देत नाहीत.

लाळ्या-खुरकूत आणि बहात्तर अंशांचा हिशेब

आपल्या दुधापुढील सर्वांत मोठा अडथळा म्हणजे जनावरांचा लाळ्या-खुरकूत हा रोग. माणसाच्या आरोग्याला त्याचा धोका नगण्य असला तरी पशुधनात तो वणव्यासारखा पसरतो. त्यामुळे या रोगापासून मुक्त असलेले देश रोग असलेल्या देशांतील दूध सहजासहजी स्वीकारत नाहीत.

यावर जागतिक पशुआरोग्य संघटनेने उष्णतेचा उपाय सांगितला आहे. दूध किमान १३२ अंश सेल्सिअसला एक सेकंद तापवावे; किंवा दुधाचा सामू सातपेक्षा कमी असेल तर ७२ अंशांवर किमान १५ सेकंद तापवावे. सामू सात किंवा अधिक असल्यास हीच १५ सेकंदांची प्रक्रिया दोनदा करावी. घरात दूध उतू जाईपर्यंत तापविणाऱ्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की, कारखान्यात तापमानाचा आलेख आपोआप नोंदला गेला पाहिजे आणि तो आलेख जपून ठेवला गेला पाहिजे. दूध तापविले, पण नोंद नाही, तर तपासणीच्या दृष्टीने ते तापविलेलेच नाही. जमाखर्चात ज्या व्यवहाराची नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही, हे सूत्र पेढीवर बसणाऱ्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

रोग मुळातून घालविण्याचे प्रयत्नही चालू आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या रोगांविरुद्ध राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. रोगमुक्त विभाग निर्माण करण्यासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला हा या साऱ्याचा पाया. पालघरच्या पाड्यावरील म्हशीच्या कानातील तो पिवळा तुकडा पाहून हसू येते. पण दुबईच्या दुकानातील डब्याचा माग शेवटी त्याच तुकड्यापाशी येऊन थांबतो.

पेंडीवरील बुरशी

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. ओलसर जागी साठविलेल्या पेंडीवर, मक्यावर आणि शेंगदाण्यावर एक बुरशी वाढते. तिचे विष जनावराच्या पोटात गेले की अफलाटॉक्सिन एम-१ या रूपाने दुधात उतरते. दूध तापविल्याने ते नाहीसे होत नाही. भारतात या विषाची कमाल मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे; युरोपीय संघात ती ०.०५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दसपट कडक. आपल्याकडे निर्दोष ठरलेले दूध तेथे नाकारले जाऊ शकते आणि त्यात कोणीही खोटे बोललेले नसते.

कोकणपट्टीत पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. पालघर, डहाणू, वाडा या भागांत पेंड कोरडी ठेवणे हे कष्टाचे काम. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत, भिंतीपासून दूर ठेवावीत, जुनी पोती आधी वापरावीत, हे उपाय अत्यंत स्वस्त आहेत. धान्याचा व्यापार करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी गोदामात आयुष्यभर हेच केले. तेच ज्ञान दूध देणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचविले तर प्रयोगशाळेवरील अर्धा खर्च वाचेल.

प्रतिजैविकांचे अंश ही तिसरी चिंता. आजारी गायीला इंजेक्शन दिल्यावर औषधावर सांगितलेल्या दिवसांपर्यंत तिचे दूध विकू नये, असा नियम आहे. त्या दिवसांत शेतकऱ्याची मिळकत बुडते. म्हणून जो खरेदीदार त्या दिवसांचा काही भार स्वतः उचलतो, त्याच्याच दुधात औषध सापडत नाही. येथे दया आणि व्यवहार एकाच वाटेने चालतात.

मंचर आणि बारामतीचा दाखला

या अटी पूर्ण करता येतात काय? महाराष्ट्रातच त्याचे उत्तर आहे. १९९२ मध्ये पुणे जिल्ह्यातील मंचर येथे देवेंद्र शहा यांनी पराग मिल्क फूड्स हा उद्योग सुरू केला. दुधाचा पूर आला की त्या काळी संकलन बंद ठेवले जाई आणि शेतकऱ्याला दूध ओतून द्यावे लागे. त्या अतिरिक्त दुधाला बाजार देणे, हा उद्योगाचा आरंभ होता. पुढे कंपनीने तूप आणि चीज यांत नाव मिळविले आणि मंचरजवळ होल्स्टिन गायींचा स्वतःचा आधुनिक गोठा उभारला. तेथे दोन हजारांहून अधिक गायी असून फिरत्या चक्राकार चौथऱ्यावर यंत्राने दूध काढले जाते. माणसाचा हात दुधाला लागत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपीय संघ व अमेरिका यांच्याकडील अन्नपदार्थांवर बंदी घातली. तेथील बाजारात चीजची टंचाई निर्माण झाली आणि भारताशी बोलणी वेगाने पुढे सरकली. रशियन पशुवैद्यकीय यंत्रणेच्या अटी कडक होत्या. कारखान्याचा स्वतःचा, सुमारे हजार जनावरांचा गोठा असावा, अशी अपेक्षाही त्या वेळी चर्चेत होती. कारण एकाच मालकाच्या जनावरांचे आरोग्य तपासणे शक्य असते. अखेर ज्या भारतीय कारखान्यांना प्रथम परवानगी मिळाली, ते दोन्ही महाराष्ट्रातील होते : मंचरचे पराग आणि बारामतीचे श्रायबर डायनॅमिक्स.

यातील बोध स्पष्ट आहे. संधी राजकारणाने एका दिवसात उघडली. पण तिचा लाभ घेण्याची पात्रता आधीच्या अनेक वर्षांत तयार झाली होती. संधी आल्यावर गोठा बांधायला घेणाऱ्याला ती संधी मिळत नाही.

आपणही अट घालतो

परदेशी अटींबद्दल तक्रार करताना आपण स्वतः कोणती अट घालतो, हेही पाहावे. २००३ पासून भारताने आयात दुग्धपदार्थांसाठी अशी अट ठेवली आहे की, दूध देणाऱ्या जनावराला रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवयव, रक्त किंवा मांसांश असलेले खाद्य कधीही दिलेले नसावे. पाश्चात्त्य देशांत असे खाद्य वापरण्याची पद्धत होती आणि ब्रिटनमधील ‘मॅड काऊ’ रोगाच्या प्रसाराशी तिचा संबंध जोडला गेला. भारताने मात्र ही अट धार्मिक व सांस्कृतिक भावनांशीही निगडित असल्याचे स्पष्ट सांगितले.

अमेरिकी दुग्धोत्पादकांनी या अटीविरुद्ध आपल्या शासनाकडे तक्रार केली. भारतीय बाजारपेठेत पुरेसा प्रवेश मिळत नाही, हे कारण देऊन अमेरिकेने ५ जून २०१९ पासून भारताला मिळणारी शुल्कसवलत काढून घेतली. त्या निर्णयामागे इतर वस्तूंचेही वाद होते, पण दूध हा त्यातील ठळक मुद्दा होता. भारताने अट सोडली नाही. शाकाहारी गायीचे दूध हा आग्रह आपल्या घरात जितका स्वाभाविक वाटतो, तितकाच तो आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या टेबलावर महाग पडला, हे तरुण पिढीला ठाऊक असावे.

याच दृष्टीने चीजचा विचार करता येईल. दूध विरजून चीज करण्यासाठी परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट वापरीत. आज सूक्ष्मजीवांपासून मिळविलेला पर्याय उपलब्ध आहे. परदेशात राहणारी जैन कुटुंबे दुकानात वेष्टन उलटून हेच वाचत उभी असतात. हिरव्या ठिपक्याचा भारतीय माल त्यांचा वेळ आणि संशय दोन्ही वाचवितो. आपली अहिंसा येथे बाजारात उतरते, परंतु त्यासाठी ती कागदावर सिद्ध करता आली पाहिजे.

डब्यावरील अक्षरे

तुपात पाणी अत्यल्प, अर्ध्या टक्क्याच्या आत असते. त्यामुळे ते टिकते आणि इतर दुग्धपदार्थांच्या तुलनेत त्याची निर्यात सुकर होते. भेसळीच्या चाचण्या मात्र सूक्ष्म आहेत. वनस्पती तुपात कायद्याने तिळाचे तेल घालावे लागते. कारण शुद्ध तुपात वनस्पती मिसळल्यास बॉडवीन चाचणीत त्याचा लाल रंग चुगली करतो. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचे गुणांक निराळे येतात, म्हणून जुन्या नियमांत कापूसपट्ट्यातील तुपासाठी वेगळ्या मर्यादा होत्या. शुद्ध तूपही चुकीच्या निकषावर अशुद्ध ठरू शकते, ते असे.

तूप उत्तम असले तरी वेष्टन चुकू शकते. अमेरिकेत दूध हा ॲलर्जीकारक घटक म्हणून वेष्टनावर स्पष्ट लिहावा लागतो. तुपाच्या डब्यावर ‘यात दूध आहे’ असे लिहिणे आपल्याला गमतीचे वाटेल. न लिहिल्यास माल परत बोलवावा लागतो. तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे कारखान्याची नोंदणी लागते आणि तिचे नूतनीकरण दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात करावे लागते. आखाती देशांत माहिती अरबीत हवी. उत्पादनाची व मुदतसमाप्तीची तारीख मूळ वेष्टनावरच छापलेली असावी. नंतर डकविलेली चिठ्ठी संशय निर्माण करते.

बँक माल पाहत नाही

आता पैशाकडे येऊ. वीस फुटी कंटेनरमध्ये पंधरा टन तूप गेले आणि भाव किलोला सहाशे रुपये धरला, तर एका फेरीत नव्वद लाख रुपये गुंततात. एखाद्या मध्यम पेढीची ही वर्षभराची पुंजी असू शकते.

अनेकांचा समज असतो की पतपत्र हाती आले की पैसे सुरक्षित झाले. प्रत्यक्षात बँक कागद पाहते, माल पाहत नाही. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या ‘यूसीपी ६००’ या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कागद सादर झाल्यावर बँकेला ते तपासण्यासाठी जास्तीत जास्त पाच बँक दिवस मिळतात. पतपत्रात मालाचे वर्णन ‘शुद्ध गाईचे तूप’ आणि बीजकात ‘म्हशीचे तूप’ असेल, आरोग्य प्रमाणपत्रावरील तारीख पतपत्रातील अटीनुसार नसेल, तर बँक पैसे रोखू शकते. मग खरेदीदार भाव पाडून मागतो आणि विक्रेत्याला मान्य करावे लागते.

१९५७ मध्ये स्थापन झालेल्या निर्यात पतहमी महामंडळाचा विमा अवश्य घ्यावा. परंतु तो खरेदीदाराच्या दिवाळखोरीसारख्या जोखमींसाठी असतो. मालाच्या गुणवत्तेवरून वाद उभा राहिला, तर तो सहसा उपयोगी पडत नाही. दोषी मालाचा विमा कोणीही उतरवत नाही, हे मनात पक्के असावे. करांच्या बाबतीत निर्यात शून्य दराची आहे. हमीपत्र देऊन वस्तू व सेवा कर न भरता माल पाठविता येतो. खेळते भांडवल अडकू नये यासाठी ही सोय आर्थिक वर्षाच्या आरंभीच करून घ्यावी.

बोईसरकरांसाठी

बोईसर-तारापूरमध्ये अन्नपदार्थांचा कारखाना काढू इच्छिणाऱ्याने एक सत्य स्वीकारून पुढे जावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्राला देशातील सर्वांत प्रतिकूल गुण मिळाले. ही बाब लपविण्यासारखी नाही आणि परदेशी तपासनिसापासून लपणारीही नाही. रसायनांच्या शेजारी दुधाची टाकी उभारण्यापेक्षा वसाहतीपासून दूर, पूर्वेकडील गावांत जागा पाहावी, पाण्याची सर्व ऋतूंत तपासणी करावी आणि बोईसरची पेढी हिशेब, कागद व वाहतुकीसाठी ठेवावी. वाढवणचे बंदर होईल तेव्हा होईल. आज तरी माल न्हावा शेवा बंदरातूनच जायचा आहे आणि नियम दोन्हीकडे सारखेच राहतील.

आरंभ लहान असावा. प्रथम एकच पदार्थ, एकच देश, एकच मान्यताप्राप्त कारखाना. पहिल्या वर्षी नफ्याकडे कमी आणि नोंदवहीकडे अधिक लक्ष द्यावे. परदेशातील आयातदाराकडून तेथील अटी लेखी मागवाव्यात आणि प्रत्येक अटीपुढे आपला पुरावा लिहून ठेवावा. ज्या अटीपुढील रकाना रिकामा राहील, तो भरेपर्यंत कंटेनर भरू नये.

जैन गृहस्थाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत आपल्या आचार्यांनी खोटी वजनमापे, राज्याचे नियम मोडून केलेला व्यापार आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल म्हणून भेसळीचा माल देणे, यांची स्पष्ट गणना केली आहे. भेसळ करणाऱ्याला त्यांनी चोरांच्या पंक्तीत बसविले, तेव्हा प्रयोगशाळा नव्हत्या, तपासणी संस्था नव्हत्या आणि पतपत्रेही नव्हती. आजचा तपासनीस व्यापाऱ्याला जे प्रश्न विचारतो, ते प्रश्न प्रतिक्रमणाच्या वेळी श्रावकाने स्वतःलाच विचारावेत अशी आपली परंपरा आहे.

म्हणून घरातील मुलाने पुन्हा विचारले, ‘बाबा, आपणच का पाठवू नये?’, तर वडिलांनी त्याला आधी दूध येते त्या गोठ्यात घेऊन जावे. तेथील पेंडीचे पोते उघडून, हात घालून पाहायला सांगावे. ते कोरडे असेल, तर पुढच्या कागदपत्रांची चर्चा करावी.